वाजवून दिलेलं चाक

माझ्या भावाला कॉलेजात सगळे मास्तर म्हणायचे. कागदावर त्याचं पद कार्यशाळा निदेशक, पण कागद कोण वाचतो? चार वर्षं इंजिनिअरिंग करून गेलेली पोरं विभागप्रमुखांचं नाव विसरतात, मास्तरांना विसरत नाहीत. का, ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी काही कौतुक करायला बसलेली नाही. कौतुक निवृत्तीच्या समारंभात करतात, आणि त्याचा समारंभ झालाच नाही.

मी त्याची धाकटी बहीण आणि त्याच कार्यशाळेची स्टोअरकीपर. जाळीच्या एका खिडकीमागे माझी बावीस वर्षं गेली. पोरांनी यायचं, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, कानस, ड्रिल, पाना जे काय हवं ते न्यायचं. वस्तू परत आली की बिल्ला परत. बिल्ला हरवला म्हणून रडकुंडीला आलेली पोरं मी पाहिलीत, आणि त्यांना आणखी दोन शब्द सुनावूनच नवा दिलाय. माझ्या पाठीमागे मला खडूस म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणू देत. माझ्या खिडकीतून बोथट ड्रिल कधी बाहेर गेलं नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाबा गेले आणि त्यानं शाळा सोडली, एका पंपाच्या कारखान्यात लेथवर लागला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं त्याला यंत्र ऐकायला शिकवलं. बघायला सगळेच शिकवतात, हा म्हातारा म्हणे डोळे मिटून उभं करायचा आणि विचारायचा, काय कापतोय सांग, पितळ का पोलाद? चुकलं की टपली. कॉलेजात आला तेव्हा दादा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचे कान असे तयार झालेले, की पाठमोरा उभा राहून सांगायचा, "तीन नंबर, मशीन थांबव. टूल बोथट झालंय तुझं." तीन नंबरवरचं पोरगं चाटच पडायचं.

एकदा वरच्या मजल्यावरचं एक महागडं यंत्र खडखड करायला लागलं. दोन प्राध्यापक आणि कंपनीचा माणूस, तिघं दिवसभर त्याच्याभोवती माहितीपुस्तक घेऊन फिरत होते. दादानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला लावलं, मूठ कानाला टेकवली, दोन मिनिटं थांबला आणि म्हणाला, "मागचं बेअरिंग. बाकी काही नाही." उघडलं तर तेच. कंपनीच्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला काय आनंद झाला होता त्या दिवशी, विचारू नका.

आता ग्राइंडरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ग्राइंडरवर जे चाक फिरतं ते धारदार कणांची भट्टीत भाजलेली चकती असते, दगडासारखी. मिनिटाला तीन हजार फेरे घेते. तिला केसाएवढी चीर असली तर डोळ्याला दिसत नाही, आणि फिरताना फुटली तर तुकडे कुठं जातील याचा नेम नाही. वरून लोखंडी झाकण असतं, पण जिथं काम धरायचं तिथं तोंड उघडंच. म्हणून नवं चाक बसवण्याआधी ते बोटावर टांगायचं आणि लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं. चांगलं चाक खणकन वाजतं. चीर असलेलं थप्प करतं, फळीवर टिचकी मारल्यासारखं.

दादा हे काम पोरांना गोळा करून करायचा. कॉम्प्रेसर बंद, पंखे बंद. सगळे गप्प. तो चाक टांगायचा, वाजवायचा आणि विचारायचा, "ऐकलंत?" थप्प वाजलेलं चाक तिथल्या तिथं हातोड्यानं फोडायचं आणि माझ्याकडच्या वहीत त्याच्या सहीनं नोंदवायचं, असा त्याचाच नियम. कचऱ्यातसुद्धा ते अख्खं जाता कामा नये म्हणायचा.

अलीकडे कॉलेजनं वरच्या मजल्यावर नवी प्रयोगशाळा केली. काचेच्या भिंती, गार हवा, प्लॅस्टिकच्या वस्तू छापणारी यंत्रं, लेसरनं कापणारी यंत्रं. पाहुणे आले की त्यांना तिथंच नेतात. खाली आमच्याकडे तेलाचा वास आणि लोखंडाचा चुरा, कोण कशाला येतंय? पण गाडी बनवणारी पोरं मात्र यायची. दर वर्षी बारा जणांची एक टोळी स्पर्धेसाठी छोटी रेसची गाडी बनवते. गाडीचा सांगाडा काही प्लॅस्टिकचा छापून होत नाही, त्याला पाइप कापावे लागतात, घासावे लागतात, जोडावे लागतात. त्या वर्षीच्या टोळीत एक मुलगी होती, वेल्डिंगला सगळ्यांत हुशार. मी तिला ठिणगी म्हणायचे. बोलायला तशीच होती. "मॅडम, आज हसलात तुम्ही, तारीख लिहून ठेवू का?" असं खिडकीत तोंड घालून विचारायची. मी म्हणायचे, "बिल्ला ठेव आणि चालती हो." ती दिसली नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, हे तिला कधी कळू दिलं नाही मी.

दादाच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. बारा नवी चाकं आली. माल आणणाऱ्यानं दारातच हातगाडी कलंडवली आणि खोकं धाडकन पडलं. मी त्या माणसाची हजेरी घेत होते, तेवढ्यात दादानं त्यातलं एक चाक उचललं. दुपारची बॅच उभीच होती. कॉम्प्रेसर बंद झाला. मी खिडकीत, चार पावलांवर. त्यानं चाक टांगलं, वाजवलं.

थप्प.

"छान," दादा म्हणाला. "खणखणीत आहे. ऐकलंत?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मास्तर म्हणतायत म्हटल्यावर एकानं मान हलवली, दुसऱ्यानं हलवली, सगळ्यांनीच हलवली. मी खिडकीतून ओरडले, "मास्तर, ते चाक चुकीचं आलंय, जाडं आहे, द्या इकडे." तो माझ्या तोंडाकडे बघत होता. अगदी टक लावून, ओठांकडे. आणि मला एकदम लक्षात आलं की गेले कित्येक महिने तो माझ्याकडे असाच बघतोय.

संध्याकाळी स्टोअरचं दार लावून घेऊन मी त्याला धरला. "किती दिवस झाले?"

आधी उडवाउडवी केली. मग स्टुलावर बसला. "दोन वर्षं. उजवा गेलाच. डाव्यानं समोर उभं राहून बोललं तर कळतं."

"वहिनीला माहीत आहे?"

"ती रोज टीव्हीच्या आवाजावरून भांडते. तिला काय माहीत नसणार?"

"मग यंत्र लाव ना कानाला."

"यंत्र लावून आलो की दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणीला धाडतील. तिसऱ्या दिवशी परीक्षा विभागात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. चाळीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस मी. सुतळी घेऊन बसू?" त्यानं माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. "अकरा महिने काढू दे मला. बोलू नकोस कुणाला."

मी हो म्हटलं. मला शाळेत घालण्यासाठी ज्यानं स्वतःची शाळा सोडली, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्याला सुतळी घेऊन बसलेला बघायची मलाच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीची झडप ओढली आणि उरलेली चाकं एक एक करून वाजवली. मला काय येतं? पण बावीस वर्षं ऐकत आले होते, कान अगदीच बहिरे नव्हते माझे. आदल्या दिवशीचं धरून तीन चाकं थप्प निघाली. नऊ चांगली.

आता नियमानं ती तीन फोडायला हवी होती. पण फोडली तर वहीत नोंद, नोंदीवर त्याची सही. म्हणजे त्याला सांगावं लागणार, की दादा, तुझ्यामागून मी तपासते. माझ्याच्यानं ते बोलवेना. गुपचूप फोडावीत तर वर्षअखेरच्या मोजणीत तीन चाकं कमी. मी ती एका गोणपाटात गुंडाळली आणि मागच्या फडताळात रंगाच्या डब्यांआड ढकलली. मोजणीला अख्खी दिसतील, दादा निवृत्त झाला की बघू काय ते. त्यांच्यावर खडूनं फुलीसुद्धा केली नाही मी. फुली बघून त्यानं विचारलं असतं.

तेव्हापासून त्याच्या हातात जाणारं प्रत्येक चाक आधी माझ्या हातून वाजून जायचं. तो पोरांसमोर टांगायचा, वाजवायचा, "ऐकलंत?" म्हणायचा, आणि ते खणखणीतच वाजायचं. मास्तरांचं नाव शाबूत राहिलं.

पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. चाकं मी सांभाळत होते, बाकीचं काय? एकदा एका पोराची बाही ड्रिलमध्ये ओढली गेली. पोरगं किंचाळलं. सगळ्यांच्या माना वळल्या, दादाची नाही. शेजारच्या पोरानं बटण दाबलं म्हणून बाहीवर निभावलं. नंतर पोरं हसत होती, "मास्तर किती शांत, बघितलंस?" मी खिडकीत बसून घामानं भिजले होते. आणखी एकदा कॉम्प्रेसरची झडप शिट्टी मारत होती, पाच मिनिटं. यंत्राच्या शेजारी उभा राहून तो फळ्यावर काहीतरी काढत होता. मीच उठून वीज तोडली. त्यानंतर तो वर्गाच्या वेळी ग्राइंडरपाशीच उभा राहायला लागला. तिथून सगळा हॉल दिसतो आणि सगळी यंत्रं एकदम बंद करणारं मुख्य लाल बटण हाताशी असतं. कानाचं काम डोळ्यांनी करत होता बिचारा. मी रोज संध्याकाळी मनात म्हणायचे, आजचा दिवस गेला.

नऊ महिने असे गेले. दोन राहिले. आणि माझी अक्कलदाढ उठली.

एका दिवसाची रजा. दाढ काढली, गाल सुजला, बोलता येईना. घरच्यांना तेवढाच आराम. माझ्या जागी सिव्हिलच्या प्रयोगशाळेतला सहायक बसवला होता. भला माणूस, अतिशय टापटिपीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर तो खिडकीत माझी वाटच बघत होता.

"मॅडम, तुमचं स्टोअर लावून ठेवलंय सगळं. मागचं फडताळसुद्धा आवरलं. रंगाच्या डब्यांमागे चांगली नवी चाकं पडून होती गोणपाटात, विसरला असाल. रॅकवर लावून टाकली."

रॅकवर चाकं ओळीनं उभी होती, किती सुरेख लावली होती त्यानं. "काल कुणी नेलं का यातलं?" सुजलेल्या गालातून शब्द धड निघेनात. त्याला दोनदा सांगावं लागलं.

"हो, एक. मास्तर स्वतः घेऊन गेले. पहिलं चाक झिजलं होतं. वाजवून बघितलं त्यांनी पोरांसमोर, एक मिनिट रिकामं फिरवलं, सगळं नियमानं केलं. छान आहे म्हणाले."

बाहेर ग्राइंडर चालू होता.

मी स्टोअरच्या दारातून धावले. कॉम्प्रेसर सुरू, दोन लेथ सुरू. ग्राइंडरवर ठिणगी होती, चष्मा लावून, पाइपचं टोक चाकावर दाबून धरलेलं. तिच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून, दादा. त्याचा हात लाल बटणापासून वीतभर लांब होता.

"दादा, बंद कर."

बावीस वर्षांत मी त्याला कार्यशाळेत दादा म्हटलं नव्हतं. किती मोठ्यानं ओरडले ते सांगता येणार नाही, पण दाढेच्या जागेतून रक्त आलं. लेथवरची पोरं वळली. दारातला शिपाई वळला. ठिणगीनं मान वळवली. सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस वळला नाही. तो पाइपच्या टोकाकडे बघत होता आणि कौतुकानं मान हलवत होता.

मग चाक फुटलं.

तुकडा चष्म्याच्या बाजूनं, गालावरून वर घुसला. डावा डोळा गेला. दवाखान्यात तिची आई भिंतीला टेकून खाली बसली होती, आणि मी तिच्यासमोर पाण्याची बाटली धरून उभी. ती बाटली तिनं घेतली नाही आणि मला ठेवताही येईना.

चौथ्या दिवशी चौकशी समिती बसली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. मी ठरवून आले होते, त्याला आधी सांगायचं. त्याच्या समोर जाऊन उभी राहिले, ओठ दिसतील असं, आणि सगळं सांगितलं. गोणपाट, फडताळ, तीन चाकं.

माझं संपेपर्यंत तो ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "तू वाजवून देतेस ते मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. चाकावर तुझ्या अंगठ्याचा ठसा असायचा, तेलाचा. तुला सांगितलं नाही. तुला वाईट वाटलं असतं." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तू रजेवर होतीस. पण मी म्हटलं, रॅकवर आहे म्हणजे तुझ्या हातचं आहे. मी नुसतं पोरांसाठी वाजवलं. बोटाला जरा वेगळं लागलं होतं. तरी म्हटलं, तू दिलंयस."

आत त्याला आधी बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. मला एक शब्द न शब्द ऐकू येत होता. चाक मी तपासलं, मी बसवलं, घाई केली, नीट ऐकलं नाही, चूक माझी. कानाचं काही बोलला नाही. निष्काळजी म्हणवून घेतलं, बहिरा म्हणवून घेतलं नाही. आणि स्टोअरचं नाव काढलं नाही.

मग मला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला यात आणखी काही सांगायचं आहे का? मी नाही म्हणाले आणि त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. माझी सही फार वळणदार आहे. त्या दिवशीही तशीच आली.

दादाला त्याच दिवशी घरी बसवलं. निवृत्तीची तारीख आली आणि गेली. आता तो गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. वहिनी म्हणते, कानाचं यंत्र आणलंय, पण लावत नाही. मी गेले की माझ्या ओठांकडे बघत नाही, दुसरीकडे बघतो. म्हणजे मला काही बोलायलाच नको.

ठिणगी तीन महिन्यांनी आली. काळा चष्मा, डावीकडे गालावर शिवणीची रेघ. मी खिडकीतून उठून बाहेर आले. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"मॅडम, तुम्ही ओरडलात म्हणून मी मान वळवली. डॉक्टर म्हणाले, समोरून बसला असता तर मी वाचलेच नसते. आई म्हणाली, पहिल्यांदा तुम्हाला भेटून ये."

माझ्याच्यानं ते आभार घेववेनात. तिला स्टोअरमध्ये स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. तिला सांगायला मला दहा मिनिटं लागली. समितीसमोर तेवढी दहा मिनिटं मला जमली नव्हती. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"मास्तरांना ऐकू येत नाही, हे तुम्हाला किती दिवस माहीत होतं?"

"नऊ महिने."

तिनं जाळीतून बाहेर पाहिलं. खालच्या वर्षाची बॅच आत येत होती, पन्नास-साठ पोरं, एकमेकांना ढकलत, हसत.

"म्हणजे नऊ महिने आम्ही सगळे रोज तिथं उभे राहत होतो," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथून बघत होतात."

"हो," मी म्हणाले.